उठवलेल्या नाक्यावरची झडती

मंजूला नववा लागला होता. बालाघाटच्या डॉक्टरीणबाईंनी दाखवायला बोलावलं, म्हणून सासू पुष्पलता तिला घेऊन लामत्याहून निघाली. जीप शेजारच्या शालिकरामची. निघता निघता दिवस कलला. जंगलात धुकं उतरू लागलं, तसा मंजूने सासूचा हात घट्ट धरला. कळा सुरू झाल्या होत्या.

वळणावर शालिकरामने करकचून ब्रेक दाबला. रस्त्यावर लाल-पांढरा दांडा आडवा होता.

"काकू, हा नाका तं उठवला होता ना..."

हौ, उठवला होता. नक्षल्यांसाठी बसवलेला पोलिसांचा नाका, जंगल शांत झालं म्हणून. पण त्याआधी याच दांड्याशी पुष्पलताची जाऊ जिजाबाई, साप चावलेली, पिशव्यांची उचकपाचक संपेपर्यंत जीपमध्ये पडून राहिली आणि इथेच गेली. सुरक्षेसाठी करावं लागतं, असं साहेब म्हणाले होते. कोणाच्या सुरक्षेसाठी, ते पुष्पलताला कोणी सांगितलं नाही.

धुक्यात माणूस दिसेना. ओल्या खाकीचा आणि गंजाचा वास तेवढा आला. मग अगदी खिडकीशी, थकलेला आवाज...

"थैला खोलो."

तिने पिशवी उघडली. हात सवयीनेच चालले.

"डब्बा खोलो."

डबाही उघडला. मंजू कण्हली. आवाज तिच्याकडे वळला.

"पेट में क्या है?"

"बच्चा है, साहब..."

पानांवरून पाणी ठिबकत होतं.

"...खोलो."

शालिकरामचे दात वाजू लागले. पुष्पलताच्या अंगात मात्र भीतीला जागाच उरली नाही. दार ढकलून ती खाली उतरली.

"काय पाह्यचं राह्यलं रे तुले? माही जाऊ इथं मेली, तवा तिच्या पिशवीत लुगडंच निघालं ना? आमालेच काहून उघडून पाह्यता दरवेळी? हट!"

दांडा बर्फासारखा गार होता. तिने तो दोन्ही हातांनी वर रेटला.

"शालिक, काढ गाडी!"

दवाखान्यात पोचताच मंजू मोकळी झाली. मुलगी. टाहो असा, की पुष्पलताच्या डोळ्यांत पाणीच आलं. नर्सने बाळ पुसलं आणि ती थबकली.

"याला हात कोणी लावला?"

बेंबीशेजारी खडूची फुली होती. नाक्यावर तपासलेल्या सामानावर शिपाई ओढत, तशी.

पुष्पलता पदराने पुसत राहिली. पदर दरवेळी पांढरा होत होता. फुली तशीच होती.