चेरी आणि द्राक्षं एकाच ताटात

"अजून पुढे गेलात तर अलार्म वाजेल..." मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं. आणि तेही मराठीत!

इला दचकून समोरच्या चित्रापासून मागे सरली. नोकरीच्या गावी, रेडमंडला, पावसाच्या सततच्या रिपरिपीला कंटाळून ती त्या शनिवारी सिएटलच्या म्युझियममध्ये शिरली होती. मघाशी फोनवर ती आईशी बोलत होती, तेच त्याच्या कानावर पडलं असावं. देवांग त्याचं नाव. जन्म अमेरिकेतला, पीएचडी कीटकांवर. जुन्या डच चित्रांतले किडे बघायला तो इथे येत असे. पीचवरची माशी, पानामागची अळी, देठावरची मुंगी... एकेक तो कौतुकानं दाखवत गेला. ही फळं आता फार दिवस टिकायची नाहीत, हे सांगायलाच चित्रकार किडे काढायचे, असंही म्हणाला.

"पण या चित्रातलं ताट खोटं आहे," इला म्हणाली. तिच्या बाबांची काटोलला संत्र्यांची बाग होती, फळांचे मोसम तिला पाठ होते. "युरोपात चेरी जूनमधली, द्राक्षं सप्टेंबरमधली. एकत्र येतील कशी?"

देवांग हसला. तो लहानपणापासून ज्या सुपरमार्केटात जाई, तिथे सगळी फळं बारा महिने मिळत. "मी नुसते किडेच बघत होतो. आज कुणीतरी फळं दाखवली..." हे बोलताना तो चित्राकडे बघत नव्हता.

मग दर शनिवारी दोघं भेटू लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. पण चालताना त्याचा हात जवळ आला की इला आपला हात कोटाच्या खिशात घाली.

शेवटी एका दुपारी, म्युझियमच्या कॅफेत तिनं सांगून टाकलं. इथलं प्रोजेक्ट बंद होतंय, कंपनी तिला टेक्सासमधल्या फ्रिस्कोला पाठवतेय. व्हिसा नोकरीवर अवलंबून, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती.

त्यानं कप बाजूला सारला. "कधीपासून माहीत होतं?"

"आपण भेटलो, त्याच्याही आधीपासून."

"मग येत का राहिलीस?"

"थोडेच दिवस आहेत, म्हणून येऊ नये असं ठरवायचे... आणि शनिवार उजाडला की यायचे."

"मला थोडे दिवस नकोत, इला."

 तिनं हात पुढे केला आणि त्याची बोटं घट्ट धरली.

ती गेली. फोन व्हायचे, पण एकेक फोन ठेवल्यावर तिला आपलं घर जास्तच रिकामं वाटायचं. तिकडे त्याचा प्रबंध संपत आला होता. पुढे काय, हे ती मुद्दाम विचारत नसे.

मे महिन्यातल्या एका रणरणत्या दुपारी दाराची बेल वाजली. दारात देवांग... दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. दोन हजार मैल ड्राइव्ह करून आला होता.

 "किती दिवस आहेस?" इलानं विचारलं.

 तो नुसता बाजूला सरला, तिला मागची गाडी दिसावी म्हणून. टपापर्यंत सामान भरलेलं होतं.