तानुबाईची लसणाची खीर

लाईट इतक्यात येत नाही, इंदुताई. कंदील जरा जवळ ओढा आणि बसा. तुम्ही कासारवाडीत राहायला आलात त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. तेव्हा या खोलीसमोर ज्वारी असायची, आणि कंपनीचा भोंगा झाला की तेवढ्यापुरता रस्ता माणसांनी भरायचा.

माझं लग्न नवं होतं. साहेबराव दुसऱ्या शिफ्टला गेले की दुपार सरता सरायची नाही, म्हणून मी क्रोशाची सुई धरली. दोऱ्याचा गुंडा आणि सुई कायम पिशवीत. रेशनची रांग असो, दवाखान्याचं बाकडं असो, एसटी असो, हात चालूच. छोटे चौकोन विणायचे आणि पुढं कधीतरी जोडून चादर करू म्हणायचं. ती चादर राहूनच गेली.

दुसरा नाद नवं काही रांधायचा. रद्दीवाल्याकडं एक जुनं पुस्तक मिळालं होतं, कुठल्याशा महिला मंडळानं आसपासच्या गावांतल्या बायकांकडून पदार्थ मागवून छापलेलं. प्रत्येक पदार्थाखाली करणारीचं नाव आणि गाव. एकेक पदार्थ असा की विचारू नका. कलिंगडाच्या सालींची धिरडी, चिंचेच्या कोवळ्या पाल्याच्या वड्या... ताटावर बसताना साहेबराव विचारायचे, "काय प्रभा, आज कुणाच्या हातचं?"

थंडीच्या दिवसांत एका दुपारी मी लसणाची खीर करायला घेतली. खाली नाव होतं, तानुबाई, कुरुळी. बाळंतिणीला दूध यावं म्हणून करतात म्हणे. पाकळ्या पाण्यात उकळायच्या, ते पाणी ओतायचं, पुन्हा ताज्या पाण्यात उकळायच्या. वास पुरता गेला की दुधात साखर घालून आटवायच्या.

पण वास जाईना. पाणी बदलून बदलून कंटाळले. खोलीभर, कपड्यांना, केसांना लसूण. आणि त्या वासाखाली दुसराच एक वास... बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा. शेकशेगडीचा, ओव्याच्या धुरीचा. मी स्टोव्हजवळ विणत बसले. बाहेर ज्वारीत पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

"आजून येक पानी टाक, बाई."

दारात एक म्हातारी उभी होती. नऊवारी लुगडं, पायांवर घोट्यापर्यंत धूळ. मला वाटलं, चाळीतल्या कुणाची तरी गावाकडची सासू.

"वास आला म्हणून आलात का?" मी हसून विचारलं.

"व्हय. माजीच खीर हाय ती."

"म्हणजे तुम्हीच तानुबाई? कुरुळीच्या?"

तिनं मान हलवली आणि उंबऱ्याशी टेकली. मला इतका आनंद झाला! पुस्तकातलं नाव चालत दारात आलं होतं. मी पाणी बदललं, आणि खरंच, या खेपेला वास गेला. दूध आटेपर्यंत ती माझ्या विणणाऱ्या हातांकडं टक लावून बघत होती.

"मला शिकीवतीस?"

मी सुई तिच्या हातात दिली. बोटं बर्फासारखी गार. साखळी कशी घालायची, खांब कसा उचलायचा, ते दाखवलं. जन्मभर खुरपं धरलेला हात, सुई घसरत होती. पण सोडेना.

"कुणासाठी विणायचंय, आजी?"

"लेकीच्या लेकरासाठी. टोपडं. माजी कस्तुरा बाळंतपणाला येनार हाय. सांगावा धाडलाय. रुसलीया जराशी... पर येईल. खीर करून वाट बघतीया मी."

"मग ही खीरच न्या की तिला," मी म्हणाले आणि डबा घ्यायला वळले. डबा भरून पाहते तर उंबरा रिकामा. सुई आणि दोरा खाली ठेवलेले. दाराबाहेर आले. लांबपर्यंत रस्त्यावर कुणी नव्हतं. सुई-दोरा उचलून पिशवीत टाकला आणि पिशवी खुंटीला अडकवली.

रात्री साहेबरावांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हातारं माणूस, विसरलं असेल. उद्या देऊन ये. एसटीनं कितीसं लांब?"

दुसऱ्या दिवशी नाशिक फाट्यावरून खेडची एसटी धरली. डबा मांडीवर घेतला आणि सवयीनं विणकाम काढायला पिशवीत हात घातला. चौकोन नव्हता, इंदुताई. टोपडं होतं. पुरं झालेलं. सुरुवातीची ओळ वेडीवाकडी, नवशिकीची. पुढं पुढं टाके सरळ होत गेलेले, आणि काठ तर असा बारीक की मला जमला नसता. आदल्या दिवसापासून पिशवी खुंटीला होती. तिला कुणी हात लावला नव्हता. मी ते टोपडं मुठीत धरून बसले. कुरुळी येईपर्यंत खिडकीबाहेर काय गेलं ते मला दिसलं नाही.

तानुबाईचं घर विचारलं तर लोक एकमेकांकडं बघायला लागले. एका बाईनं नुसतं बोट दाखवलं. दार उघडलं ते केस पिकायला लागलेल्या एका बाईनं.

"तानुबाईंनी पाठवलंय," मी म्हणाले. "कस्तुरासाठी."

"म्या कस्तुरा," ती म्हणाली. "आन् आई जाऊन लई वर्सं झाली."

तिनं मला धरून आत बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. डबा उघडला तशी तिनं वास घेतला आणि भिंतीला टेकली.

"लग्नात मालकांचा मानपान ऱ्हायला म्हनून म्या रुसले व्हते," ती हळू बोलत होती. "आईनं सांगाव्यावर सांगावा धाडला, ये म्हनून. म्या हटून बसले. सासरीच बाळंत झाले. पोरगा झाला... पाचवीबी पुजली न्हाई त्याची. आन् हिकडं आई तापानं गेली. म्या ह्या घरात ऱ्हायला आले ती मागनं. तिला कुनी सांगितलंच न्हाई. तिला वाटतंय लेकरू हाय... आजून वाटतंय."

तिनं टोपडं उचललं. वेड्यावाकड्या ओळीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. मग ते डोळ्यांना लावून पेटीत ठेवलं आणि कुलूप घातलं.

"मला तुमच्या घरी न्या, बाई. तिला सांगाया पायजे. किती दिस राबंल ती?"

त्याच दुपारी आम्ही दोघी इथं आलो. साहेबराव कामावर गेले होते. कस्तुरानं स्वतःच्या हातानं लसूण सोलला, उकळला, पाणी बदललं. वास सुटला. ती उंबऱ्याकडं तोंड करून बसली. ऊन उतरलं, दाराची सावली आत आली. कुणी आलं नाही. शेवटी रिकाम्या उंबऱ्याकडं बघतच ती म्हणाली,

"आई... बाळ न्हाई गं ऱ्हायलं. म्या आले असते तर... ऱ्हायलं असतं का गं?"

काही नाही. वाराही नाही. स्टोव्ह तेवढा फरफरत होता. कस्तुरानं तो विझवला, खीर तशीच ठेवली आणि पदर खोचला. "माज्यावरचा राग आसंल तिचा," म्हणाली.

दिवस मावळता मावळता तिला फाट्यावर सोडायला गेले. गारठा पडला होता. दोन्ही हात छातीशी घट्ट धरून ती चालत होती. एसटी आली. गर्दी होती. कंडक्टरनं दारातूनच पाहिलं आणि आतल्या माणसावर ओरडला, "ओ भाऊ, उठा, बाईमाणसाला जागा द्या!" मग कस्तुराकडं वाकून म्हणाला, "मावशी, लेकराच्या डोक्यावर पदर घ्या. वारं झोंबतंय."

कस्तुरा थिजली. माझ्याकडं पाहिलं. मग खाली, आपल्या हातांकडं. आणि हळूच, अगदी हळूच, तिनं पदर पुढं ओढून घेतला.

मला तिच्या हातांत काहीच दिसलं नव्हतं, इंदुताई. पण तो पदर... तो हातांवर सपाट पडला नाही.