खऱ्याला परत आणणारी ओळ

नागपूरच्या आयटी पार्कमागे, परसोडीच्या रस्त्यावरील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर रोशन नावाचा इसम सहा वर्षांपासून नोकरीस होता. त्याची कंपनी दवाखान्यांकरिता सॉफ्टवेअर बनवीत असे, आणि ते सॉफ्टवेअर तपासण्याची व्यवस्था रोशनच्या हाती होती. तपासणीच्या वेळी खऱ्या रुग्णांना संदेश धाडता येत नाहीत. म्हणून संदेश धाडणाऱ्या यंत्रणेच्या जागी एक नकली यंत्रणा उभी करावी लागते. तिला जेवढी उत्तरे शिकवावीत तेवढीच ती देते. न शिकवलेले विचारल्यास उत्तर रिकामे येते. अशा नकली वस्तू घडवण्याची जी चौकट रोशनने स्वतःच्या बुद्धीने बांधली होती, तिला सारे कार्यालय ‘तोतया’ म्हणत असे.

तोतयाचा एकच कडक नियम होता. काम संपताच खऱ्याला त्याच्या जागी परत आणणारी ओळ लिहायची. ती राहिली, तर नकलीच सर्वत्र वावरत राहते.

डिप्लोमा अर्धवट सुटलेल्या या माणसाजवळ अभिमान बाळगावा अशी दुसरी वस्तू नव्हती. आणि नेमकी तीच वस्तू नूपुरने उचलली.

नूपुर आठ महिन्यांपूर्वी रुजू झालेली इंजिनिअर मुलगी. तिने तोतयाला असे काही वाढवले, की यंत्रांचेच नव्हे, तर डॉक्टर, परिचारिका अशा माणसांचेही तोतये बनू लागले. नाव द्यायचे, प्रश्न आणि उत्तरे लिहायची, की झाले. कोणी काय विचारले याची यादीही आपोआप तयार होई. विभागाच्या प्रमुख वंदना मॅडम म्हणाल्या, “सोमवारी ठरवू, तोतया यापुढे कोणाकडे द्यायचा ते.” बोलताना त्यांची दृष्टी नूपुरवर होती. रोशनच्या काळजात निखारा पडला.

“दादा, पाया तर तुमचाच आहे न,” नूपुर नंतर त्याला म्हणाली. “मी फक्त वरचा मजला चढवला.”

“पाटी वरच्या मजल्यावर लागते वं,” रोशन हसून म्हणाला. ते हास्य ओठांच्या आत पोहोचले नव्हते.

शुक्रवारी नूपुर मावसबहिणीच्या लग्नासाठी कुहीला गेली. दुपारी तीनच्या सुमारास, सारे चहाला उठले असता, रोशनने एक नवा तोतया उघडला आणि नावाच्या जागी ‘नूपुर’ असे लिहिले. खाली तीन प्रश्न व तीन उत्तरे मांडली.

हे काम कोणाचं? — रोशनदादाचं.

तुला जमेल का? — माझ्याच्यानं नाही होत.

मग कोणाला देऊ? — रोशनदादाले.

त्याने तपासणी चालवली. सारे बरोबर असल्याची हिरवी खूण उमटली. एखाद्या तहानेल्या जिवाने घागरीला तोंड लावावे, तसे त्याने ते चार वेळा चालवून पाहिले.

“काहून हासून राहिला गा एकटाच?” चहाहून परतलेल्या रोहितने मागून विचारले. रोहित त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत असे.

“काही नाही गा.” रोशनने लगबगीने काम जतन केले, इतरांच्या कामात मिसळून टाकले आणि पडदा बंद केला.

सोमवारी नूपुर परतली. मेंदी ताजी होती. ती खुर्चीत सरळ बसली होती, आणि तिच्या हातांना करण्यासारखे काही उरले नसल्यासारखे ते मांडीवर पडले होते. बैठकीत वंदना मॅडमनी तोतयाचा विषय काढला.

“नूपुर, हे काम कोणाचं?”

“रोशनदादाचं.”

मॅडम चमकल्या. “म्हणजे? बरं, पुढे सांभाळायचं आहे. तुला जमेल का?”

“माझ्याच्यानं नाही होत.”

मॅडमशी ती कधीही अशा बोलीत बोलत नसे. रोहित हसला आणि मध्येच थांबला.

“मग कोणाला देऊ?”

“रोशनदादाले.”

रोशनच्या तळहातांना घाम फुटला. परंतु त्या घामात आनंदही होता, हे नाकारून चालणार नाही. बैठकीनंतर त्याने तिला विचारले, “लग्न कसं झालं वं?” तिने डोळे त्याच्याकडे वळवले. ते त्याच्यावर स्थिर राहिले. उत्तर आले नाही.

मंगळवारी तिची आई, कौशल्याबाई, डबा घेऊन कार्यालयात आल्या.

“तुम्हीच रोशनदादा न जी? पोरगी घरी तुमचंच नाव घेत राहते. दादानंच सारं शिकवलं म्हणते.”

रोशनला बसायला खुर्ची सापडेना.

“शुक्रवारी मांडवात चांगली बोलून राहिली होती,” कौशल्याबाई म्हणाल्या. “तीन वाजले असतील. बोलता बोलता चूप झाली. जेवत नाही, बोलत नाही. नातेवाईक म्हणतात बाहेरचं लागलं. आम्ही नाही मानत जी तसलं. इथं काही झालं का?”

“इथं तर काहीच नाही,” रोशन म्हणाला.

त्या निघून गेल्यावर त्याने शुक्रवारचा तोतया उघडला.

तीन प्रश्न होते. तीन उत्तरे होती. शेवटची ओळ नव्हती.

खाली यादी वाढली होती.

जेवली का वं? — रिकामे.

मावशीले ओळखत नाही का? — रिकामे.

जेवली का वं? — रिकामे.

बोल न बाई. — रिकामे.

त्याने चहूकडे पाहिले. नूपुर पलीकडे पाठमोरी बसली होती. डबा तिच्यासमोर बंद होता.

रोशनने खऱ्याला परत आणणारी ओळ लिहिली. केवळ एक बटण दाबणे उरले.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात मॅडमचे पत्र आले. तोतयाची संपूर्ण जबाबदारी आजपासून रोशनकडे. खाली सर्वांची अभिनंदने.

खरी नूपुर परत आली, तर ती खरे उत्तर देईल.

त्याने ओळ खोडली. एकेक अक्षर.

मग, माणुसकी म्हणून, तिच्या जागी त्याने दुसरी लिहिली.

जेवली का वं? — हो, जेवली.

बुधवारी सकाळी कौशल्याबाईंचा फोन आला.

“बोलली जी पोरगी,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फार हळू होता. “जेवली का विचारलं, तर हो म्हणाली. तीनदा विचारलं, तीनदा हो म्हणाली.”

“मग चांगलं झालं न मावशी.”

“ताट तसंच भरलेलं होतं जी. तिच्यासमोरच.”