आजीच्या उरातलं दार

आजीच्या छातीत कुणीतरी "फुस्स… फुस्स…" करत होतं. कोण बरं?

चंद्रावरच्या चांदगावात वेणूच्या आत्याला बाळ झालं होतं. बारशाला पाळणा गायला आजीच हवी होती. यान परवा सुटणार, आणि आज गावच्या दवाखान्यातल्या यंत्रडॉक्टर कर्णिकेनं आजीला अडवलं!

"हृदयात मर्मर आहे (ठोक्यांच्या मधला जादा आवाज)."

"अगं बाई, म्हातारपणी सगळंच कुरकुरतं. गुडघ्याला कुणी अडवतं का?"

"यानाचा दाब गुडघ्याला नाही, हृदयाला सोसायचाय, आजी. एक तर पुढची झडप (रक्त एकाच दिशेनं सोडणारं दार) अरुंद झालीय, नाहीतर मागची नीट मिटत नाही. मागची जराशीच गळत असेल, तर कदाचित जाता येईल. पुढची अरुंद असेल, तर आधी उपचार."

"मग कळणार कसं?" वेणूनं विचारलं.

कर्णिकेनं आजीला झोपवलं, दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधली आणि एक इवलीशी कुपी काढली. "याच्या वासानं अंगभरच्या रक्तवाहिन्या घडीभर सैल होतात. रक्ताला पुढची वाट मोकळी."

आजीचा जन्म शेतात दारं धरण्यात गेला होता (पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात वळवण्यात). ती हसली. "म्हणजे पाटातला गाळ उपसल्यासारखं! पाणी पुढं धावलं, की मागच्या भगदाडातून कमी गळतं."

"अगदी तसंच. गळती असेल तर आवाज मंदावेल."

"आणि पुढचं दारच अरुंद असेल, तर पाणी त्यातून जोरात घुसेल," वेणू सावकाश म्हणाली. "आवाज वाढेल."

आजीनं वास घेतला. चेहरा लालबुंद झाला. वेणूनं कानाला नळी लावली. मंद हो ना रे, मंद हो!

फुस्स… फुस्स्स… फुस्स्स्स!

"वाढला ना?" आजीनं विचारलं. वेणूनं मान डोलावली. तिचे डोळे भरून आले होते.

"उद्या तालुक्याला हृदयाचं चित्र काढून खात्री करू," कर्णिका म्हणाली. "मग मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून नवी झडप बसवतात. छाती चिरायला नको."

संध्याकाळी आजीनं आत्याला पडद्यावर बोलावलं. "बारशाला नाही गं येत, बायो. पण उष्टावणाचा पहिला घास माझ्याच हातचा. सांगून ठेवते!"

तिकडे बाळानं भोकाड पसरलं. आजीनं छातीवर हात ठेवला आणि ती हळूच गायली,

*उरातल्या दारा, थोडं उघड रे बाबा,*
*जायाचं गं मला माझ्या नातवाच्या गावा.*

तिचा आवाज चंद्रावर पोचायला क्षणभर लागला. मग तिकडचं रडणं थांबलं.