उसवलेलं अंगडं

मोठ्या डॉक्टरांचा हात भारी चपळ. बाळ बाहेर आलं न आलं तोच चिमटा लागायचा, नाळ कापली जायची आणि डॉक्टर हात धुवायला मोकळे. त्या काळी सगळ्या दवाखान्याला त्याचं केवढं कौतुक!

समोरच्या गल्लीतली शिवणवाली सातव्याच महिन्यात अडली. बाळ पोटावर ठेवलं, तेव्हा नाळेला बोट लावून ती म्हणाली, "डॉक्टर, थांबा ना. अजून ठोके पडताहेत."

"बाई, शिवणं तुमचं, कापणं माझं!" डॉक्टर हसले. नर्सबाईही हसल्या.

बाळाच्या वाट्याचं रक्त नाळेतच राहिलं. आधीच अपुऱ्या दिवसांचं पोर, अंगात लोहाचा साठा तो कसला! कागदासारखं पांढरं पडत गेलं आणि एका सकाळी संपलं. शिवणवाली रडली नाही. "राहिलेलं मी घेईन," एवढंच बोलली.

वर्षं उलटली. डॉक्टरांना नातू झाला, पुऱ्या दिवसांचा, गुटगुटीत. आणि काही महिन्यांतच तो फिकट पडू लागला. लोहाचे थेंब पाजून पाजून दुपट्यांवर काळे डाग पडले, रक्त चढवून झालं, तरी दर तपासणीत लोह आणखी खाली. रक्त गळत तर कुठूनच नव्हतं.

"बाबा, एवढे मोठे डॉक्टर तुम्ही! माझं बाळ वाचवा हो," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा नातवाचं अंग तपासलं. कधीच सुकलेल्या बेंबीतून लाल दोऱ्याचं टोक डोकावत होतं. ओढलं, तर येईना.

बोटाला ठोके लागले.

भर दुपारी ते गल्लीत धावले. म्हातारी शिवणवाली मशीनपाशी बसून एक इवलंसं अंगडं उसवत होती. शेजारी झाकलेला पाळणा. खोलीत ओल्या लोखंडाचा वास.

"मोठं करतेय," मान वर न करता ती म्हणाली. "मागल्या महिन्यात बसत होतं. मेला चांगलाच भरलाय आता."

पाळण्याच्या झाकणाखालून लाल दोरा बाहेर आला होता. थडथडत होता.

डॉक्टरांनी टेबलावरची कात्री उचलली. दोरा पात्यांत धरला. तो चपळ हात, पण कात्री मिटेना.

शिवणवालीने दोऱ्यावर बोट ठेवलं.

"थांबा ना, डॉक्टर. अजून ठोके पडताहेत."

ठोके मंदावले.

डॉक्टरांच्या खिशातला फोन वाजू लागला. मुलीचा.

दोरा निपचित झाला.

झाकणाखाली, पोट भरलेल्या बाळाने एक लहानसा ढेकर दिला.