डोम्निकाच्या नावाने

बॅग खाली ठेवायच्या आधीच डोम्निकाने खोल श्वास ओढून वास घेतला. इटलीत इतकी वर्षं दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आया सांभाळल्यावर ही खोड लागतेच. वृद्धाश्रम कसा आहे हे त्याचा रंगवलेला दर्शनी भाग नाही सांगत, वास सांगतो. डॅन्यूबकाठच्या या आश्रमात जिन्यावर लघवीचा वास होता, जेवणघरात आंबवलेल्या कोबीचा आणि वरच्या मजल्यावर ओल्या गाद्यांचा. अख्ख्या मजल्याला सेविका एकच, साफ्तिका नावाची. आईला इथून हलवायचं, गावातलं बंद घर उघडायचं आणि इटलीचं नाव काढायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती.

आईच्या खोलीत मात्र साबणाचा वास होता.

पारास्किवा खिडकीशी खुर्चीत बसली होती. डोम्निकाने धावत जाऊन तिला मिठी मारली. म्हातारी तशीच ताठ बसून राहिली आणि मिठी सुटल्यावर म्हणाली, "कोण हो तुम्ही?"

वयच झालंय, विसरायला होणारच, अशी डोम्निकाने मनाची समजूत घातली आणि हातांना सवयीचं काम दिलं. तिने मोजे उतरवून टाचा पाहिल्या. बसून असणाऱ्या माणसाची किती काळजी घेतली जाते ते टाचाच सांगतात. या टाचा लहान मुलीसारख्या मऊ होत्या. नखं कापून घासलेली, कानांमागे मळाचा कण नाही, पाठीवर साधा लाल डागही नाही. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिला स्वतःला यापेक्षा चांगलं करता आलं नसतं, आणि तेच तिला खुपलं.

सूपचा वाडगा घेऊन साफ्तिका आत आली.

"आईचं हे सगळं कोण करतं?" डोम्निकाने विचारलं.

"थट्टा करतेस होय गं गरिबाची?" साफ्तिका हसली. "तूच की! रोज दुपारी येतेस, दार लावून घेतेस. मला मेलीला हात दोनच. म्हटलं, येते तर येऊ दे बापडीला."

"मी आज सकाळी बसमधून उतरलेय. इटलीहून."

साफ्तिकाने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग काल कोण होतं?"

"तेच विचारतेय. चेहरा पाहिलात का तिचा?"

"न पाहायला काय झालं? तुझाच..." साफ्तिका अडखळली. "नेहमी पाठमोरीच असतेस म्हणा."

"कधीपासून येते?"

"पोमाना झाली तेव्हापासून," साफ्तिका बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

पोमाना म्हणजे मेलेल्याच्या नावाने वाढलेलं जेवण नि दान. त्याच्या नावाने जे दुसऱ्याच्या हातावर ठेवावं, ते त्याला तिकडे पोचतं. कितीतरी म्हातारे आपली पोमाना जिवंतपणीच उरकून घेतात. पोरांच्या भरवशावर कोण राहतो? पारास्किवाही तेच करतेय, असं साफ्तिकाला वाटलं होतं. साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू, नवं घंगाळ, टॉवेल, साबण, सगळं साफ्तिकाने हात पुढे करून घेतलं आणि रीतीप्रमाणे म्हटलं, देव क्षमा करो.

"पण नाव तिने तुझं घेतलं गं," साफ्तिका पुटपुटली. "मला वाटलं, चुकली असेल म्हातारी." आणि वाडगा तिथेच ठेवून ती निघून गेली.

"आई, अगं दर रविवारी फोन करत होते ना मी!"

"फोनमध्ये काय, कुणीही बोलतं," पारास्किवा म्हणाली. "माझी मुलगी परमुलखात गेली ती गेलीच. मेल्याशिवाय का कुणी आईकडे यायचं राहतं? मग तिची पोमाना मी केली. तेव्हापासून येते हो गुणाची."

"मी जिवंत आहे, आई."

"असाल."

डोम्निकाला रडूच कोसळलं. "घरी चल माझ्याबरोबर. मी सांभाळीन तुला."

"आणि ती? तिला कुठे टाकू? दिलेलं परत घेता येत नाही, बाई."

डोम्निकाने डोळे पुसले. कुणीतरी गावातली रिकामटेकडी बाई येत असणार, दुसरं काय! आज येऊ दे, म्हणजे सोक्षमोक्षच लावते. तिने घंगाळात कोमट पाणी घेतलं, दार लावलं, आतून कडी घातली आणि आईच्या पायांशी गुडघे टेकले.

दुपार झाली.

ती एकेक बोट धूत राहिली. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. कडी हलली नाही.

पाणी गार झालं, तरी कुणी आलं नाही.

"बघितलंस?" डोम्निकाला हसू फुटलं. "मीच आहे, आई. दुसरं कुणी नाहीच."

आई तिच्याकडे पाहत नव्हती. तिच्या खांद्यावरून मागे पाहत होती, आणि चेहऱ्यावर अशी माया होती, जी डोम्निकाला आल्यापासून एकदाही दिसली नव्हती.

"आज माझं राहू दे, पोरी," पारास्किवा म्हणाली. "आधी हिला बघ. हिला कुणी नाही गं."

डोम्निका उठायला गेली. गुडघे उचलेनात.

तेव्हा एक तळवा तिच्या काखेखाली आला, दुसरा पाठीच्या कण्याशी. हिसका नाही, ओढाताण नाही. तिला अर्ध्यावर उचलून ते हात थांबले. चक्कर येत नाही ना, एवढं बघण्यापुरते. इटलीत म्हाताऱ्यांना उठवताना डोम्निका स्वतः थांबायची, अगदी तसेच.