सोबतीला बसणारे

आटपाडीच्या बसस्थानकासमोरच्या, दानाच्या धान्यावर फुकट जेवू घालणाऱ्या पंगतघरात त्या दुपारी भाकरी, वांग्याची भाजी आणि आमटी-भात होता. जेवून उठलेला प्रत्येक माणूस हात धुऊन दाराजवळच्या यंत्रात फुंकत होता आणि मगच बाहेर पडत होता.

"दारू प्यालेल्या ड्रायव्हरसारखं फुंकायला लावलंयस सगळ्या गावाला," पंगतघर चालवणाऱ्या रंजनाताई लिगाडे लेकीला म्हणाल्या. "आमचे नाना पोस्टमन विचारत होते, दंड किती म्हणून."

केतकी हसली नाही. ती पुण्याहून आली होती ती पंगतघराच्या नावाची नोटीस घेऊन. परक्या माणसाच्या हातून ती आईला मिळू नये, एवढीच तिची इच्छा होती.

यंत्र जी शोधत होतं तिला अन्नखूण म्हणत; तो केतकीचाच शोध. पाण्यातल्या हायड्रोजनचं एक जड, निरुपद्रवी रूप असतं. दानासाठी राखलेलं धान्य पिकवताना ते पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळलं जाई. धान्य दळलं, शिजवलं, तरी ही खूण जात नसे, आणि खाणाऱ्याच्या श्वासातल्या वाफेत ती काही दिवस टिके. प्रत्येक दात्याच्या धान्याचं प्रमाण वेगळं. त्यामुळे आपलं पोतं कुणाकुणाच्या पोटात गेलं, हे नागपूरच्या किंवा दुबईच्या दात्याला फोनवर दिसे. केतकीने हे पहिल्यांदा आईला समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे मेथी खाल्लेल्या म्हशीच्या दुधाला वास येतो, तसं." पुढे कितीतरी व्याख्यानांत केतकीने हेच उदाहरण दिलं. ते कुणाचं, हे मात्र कधी सांगितलं नाही.

या शोधाची गरज होती. दुष्काळाच्या वर्षांत छावण्यांसाठी दिलेला गहू बाजारात विकला गेला होता, आणि विकणाऱ्या संस्थाचालकांचे त्याच काळात सत्कारही झाले होते. छावण्यांत मुलं दगावली. लोकांचा दानावरचा विश्वास उडाला. अन्नखूण आल्यावर तो परतला. केतकीमुळे माणसं जगली, हे कुणालाच नाकारता आलं नसतं.

गरजू म्हणून नोंद नसलेल्या तोंडी गेलेल्या दानाच्या अन्नाला कायद्यात गळती म्हणत. पंगतघरात ती भयंकर होती. जवळजवळ निम्मी पंगत खात्यापित्या घरची होती: पेन्शनवर असलेले नाना, सराफांची सून, शाळेच्या मुख्याध्यापिका.

ही माणसं इथे का जेवतात, असं केतकीने विचारलं.

"सोबतीला बसतात," आई म्हणाली. जेवतात त्याहून जास्त पैसे पेटीत टाकतात, असंही तिने सांगितलं.

"सोबत कुठल्या रकान्यात लिहू, आई?"

"मग नको लिहूस."

केतकीने शांतपणे समजावलं. यंत्राला पेटीतले पैसे कळत नाहीत, त्याला फक्त तोंडं कळतात. नोंद नसलेल्यांना उठवलं नाही, तर पंगतघराचं धान्य बंद होईल. "नियम मीच लिहिलाय. माझ्याच आईला सूट देऊ का?"

रंजनाताई तिच्याकडे बघत राहिल्या. काहीतरी सांगावं की नाही, असं त्यांच्या मनात चाललं असावं. मग त्यांनी पदराला हात पुसले. "सूट नकोच. उद्यापासून उठवते त्यांना. तू नीघ, तुझी गाडी चुकेल."

केतकी समाधानाने परतली. आई वाद न घालता ऐकते, हे तिला नवं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे रंजनाताईंच्या हृदयाने साथ सोडली.

दिवसकार्य आटोपल्यावर केतकी पंगतघरात गेली. आता कौसरमावशी ते चालवत होत्या. केतकीचं लहानपण गेलं त्या मिरजेच्या गल्लीपासूनची ती आईची मैत्रीण. रंजनाताईंनी दिलेला शब्द मावशींनी पाळला होता. भिंतीवर ताजं प्रमाणपत्र होतं: गळती शून्य. पंगतीत मोजकी माणसं होती. मध्ये भरपूर जागा सोडून, भिंतीकडे तोंड करून ती घाईघाईने जेवत होती. चुलीजवळच्या दुरडीत भाकरी उरल्या होत्या. समोरच्या बसस्थानकात मात्र बाकांवर माणसं बसून होती. बस येत होत्या, जात होत्या, ती माणसं चढत नव्हती.

"त्यांना भूक नाही का?" केतकीने विचारलं.

"भूक आहे. पण आता इथं बसलं की गावाला कळतं ना," मावशी भाकरी थापत म्हणाल्या. "पूर्वी नानांच्या शेजारी कोण बसलंय, कशाला बसलंय, कोण विचारत होतं?"

केतकीला मिरजेची पंगत आठवली. ती मावशींना सांगू लागली, की लहानपणी आई तिलाही अशाच पंगतीत नेई. गरिबांना लाज वाटू नये म्हणून आपण सोबतीला बसायचं, असं म्हणे. केतकी ऐटीत बसायची आणि यांतले गरीब कोण असतील, ते ओळखत बसायची. "आईने मला तेव्हाच शिकवलं होतं सगळं. मीच विसरले."

मावशींचा हात थांबला. "सोबतीला? असं सांगितलं होतं तिने तुला?"

"हो."

"अगं पोरी, तुम्ही नव्हता बसत सोबतीला. तुमच्यासाठी लोक बसायचे."

मिरजेची पंगत सोमवारी बंद असे. आईचा उपवासही सोमवारीच असे, निर्जळी म्हणावा असा कडक. केतकीला त्या दिवशी शेजारच्या कुणाकडून तरी डबा यायचा. एवढी हुशार मुलगी. पण या दोन गोष्टी तिने कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

नोटिशीच्या दिवशी आईने हे एवढं सांगितलं असतं, तरी केतकीने नियम बदलायला आकाशपाताळ एक केलं असतं. आईला ते माहीत असणारच. तरी तिने पंगत जाऊ दिली. सोबतीला बसणारी ती ऐटदार मुलगी तेवढी तिने मोडू दिली नाही.

दाराशी एक बाई आपल्या मुलीला यंत्रात फुंकायला सांगत होती. मुलीने खेळ असल्यासारखं गाल फुगवून फुंकलं. यंत्राने हिरवा दिवा लावला, मोठ्या गोड आवाजात तिचं नाव घेतलं आणि पुढे म्हणालं, "लाभार्थी. धन्यवाद."

"आई, लाभार्थी म्हणजे कोण गं?"

बाईने मान खाली घातली आणि ती मुलीचा दंड धरून तिला दाराबाहेर ओढू लागली. पंगतीतल्या कुणीच वर पाहिलं नाही. केतकी उठून त्यांच्यापाशी गेली. ती बोलली ते सगळ्या पंगतीला ऐकू गेलं.

"मी. माझे वडील गेल्यावर आमच्या घरी खायला काही नसायचं. आई मला अशाच पंगतीत घेऊन जायची. आम्ही तिथे फुकट जेवायचो."